भांडं नवं, हात कौसल्याबाईंचा

नवीन जालन्यात स्टेशनकडून बियाणे कंपन्यांच्या कचेऱ्यांकडे जाताना एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याचं छप्पर असलेली खानावळ आहे. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'कौसल्याबाई राजानंद हिवाळे यांची खानावळ'. पाटी रंगवणाऱ्याने आधी 'अन्नपूर्णा' हे नाव सुचवलं होतं. ओळखीच्या दोघांनी तर स्पष्टच सांगितलं, की आडनाव टाकू नका, लोक आडनाव वाचून पुढे निघून जातात. कौसल्याबाईंनी पेंटरला उभ्याउभ्या फर्मावलं, "आडनाव सगळ्यात मोठं काढ. ज्याला जायचंय तो रस्त्यावरूनच गेलेला बरा."

मी बँकेच्या बदलीवर सांगलीहून जालन्याला आलो तेव्हा पहिल्या दिवशी ती पाटी वाचून मीही क्षणभर थबकलो होतो. हे लपवण्यात अर्थ नाही. मग आतून ज्वारीच्या भाकरीचा वास आला आणि मी चप्पल काढली. त्याला आता चार वर्षं झाली.

कौसल्याबाई चोपन्न वर्षांच्या. उंचीने कमी, अंगाने काटक, आवाज मात्र बोळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. नवरा राजानंद सळयांच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि पाळी नसेल तेव्हा खानावळीत कांदे चिरतो. मुलगी अर्पिता नर्सिंग शिकते. येणारे-जाणारे सगळे बाईंना मावशी म्हणतात.

जालन्याला येण्याआधी त्या आष्टीजवळच्या एका खेड्यात शाळेची खिचडी शिजवायच्या. पहिल्या दिवशी सगळी शाळा जेवली. दुसऱ्या दिवशी निम्मी. आठवड्याभरात बहुतेक मुलं घरून डबा आणायला लागली आणि खिचडी पातेल्यात तशीच राहायला लागली. गावातल्या चार वजनदार माणसांनी त्यांना बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "कौसल्या, तू आपली भांडी घास. शिजवायला दुसरी बाई बघतो."

"मी घासलेलं भांडं चालतंय, मंग मी शिजवलेलं कामून चालत न्हाई?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशीची उरलेली खिचडी पातेल्यासकट डोक्यावर घेऊन त्या भर दुपारी गावाच्या मधल्या रस्त्याने आपल्या वस्तीत गेल्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना पोटभर जेवू घातलं. सरकारी पातेलं पळवलं अशी ओरड झाली. दुसऱ्या दिवशी पातेलं लख्ख घासून त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलावर, थेट हजेरीपटावर नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुमचं पातेलं. हात माझे मी घेऊन चालले." पंधरा दिवसांत संसार जालन्यात आला.

ही गोष्ट त्यांनी मला दोन-तीनदा सांगितली, आणि एकदाही सांगताना आवाज खाली आला नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एके दुपारी कल्याण जेवण झाल्यावरही उठेना. कल्याण एका बियाणे कंपनीत व्यवस्थापक, खानावळीचं जुनं गिऱ्हाईक. पाहुण्यांची सोय बघणं हेही त्याच्याकडेच.

"मावशी, एक काम होतं," तो म्हणाला. "आमच्याकडं बियाणं तपासायच्या मशिनी बसवायला ठाण्याहून एक साहेब आल्येत. झिराडकर म्हणून. दोन महिने राहणार. आज पाच दिवस झाले, माणूस केळी न् शेंगदाणे खाऊन राह्यलाय."

"कामून? दात न्हाईत का?"

"दात हायेत. ते यहुदी हायेत. त्यांच्यात कोशेर लागतं."

"म्हंजे काय असतं?"

"म्हंजे त्यांच्या धर्माच्या नियमात बसणारं जेवण. तीन हॉटेलांत इचारलं. पण त्यांना स्वैपाकघरात उभं राहून बघू द्यायला कुणी तयार न्हाई. मी म्हणलं मावशी करतील. फक्त एवढंच, की भांडी समदी येगळी लागतील. नवी. तुमच्या भांड्यातलं त्यांना चालत न्हाई."

कौसल्याबाईंच्या हातात वरणाचा ओगराळा होता. तो त्यांनी पातेल्यात सोडून दिला.

"काय म्हणलास?"

कल्याणला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. तो सावरायला गेला, पण उशीर झाला होता.

"माझ्या भांड्यातलं चालत न्हाई? तर मंग त्याला सांग, केळी खा. जालन्यात केळी लई. येगळी भांडी, येगळा कप, येगळी रांग, हे समदं मी बघून आल्ये. माझ्या खानावळीत येगळं काही राहणार न्हाई. चल, ऊठ, मागं लोक थांबलेत."

कल्याण मान खाली घालून गेला. आम्ही बाकीचे ताटात बघत जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारची गर्दी ओसरल्यावर एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. साठीच्या पुढचे, बारीक, डोक्यावर छोटी गोल टोपी, पायात साधे सँडल. मी हात धुवत होतो.

"मी एलायजा झिराडकर," ते म्हणाले. भाषा अगदी ठाण्या-अलिबागकडची. "बाई, काल माझ्यामुळे तुमचं मन दुखावलं असं कळलं. तेवढं सांगायला आलो. जेवायला नाही आलो."

कौसल्याबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही मराठी बोलता?"

"आमचं गाव झिराड, अलिबागजवळ. पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतो आम्ही. आमचे पूर्वज तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे."

"बसा," बाई म्हणाल्या. "मला एक सांगा. त्या मोठ्या हॉटेलातल्या भांड्यातलं तुम्हाला चालतं का?"

"नाही."

"कंपनीच्या मालकाच्या घरचं?"

"परवा त्यांनी घरी बोलावलं होतं. चांदीचं ताट मांडलं. मी एक मोसंबं खाल्लं, तेही स्वतः सोलून. त्यांच्या घरच्यांना वाईट वाटलं असणार. पण काय करू?"

बाईंचा चेहरा जरा हलला. "मालकाच्या घरी बी न्हाई जेवले?"

"नाही ना. हे बघा बाई, तुमच्या पातेल्यात बुधवारी मटण शिजतं. ते आमच्या पद्धतीनं कापलेलं नसतं. त्याच पातेल्यात दुसऱ्या दिवशी ताकाची कढी होते. मांस आणि दूध आमच्यात एका भांड्यात येत नाही. म्हणून भांडं नवं लागतं. डाळ-तांदळात किडा जाता कामा नये, म्हणून मी निवडताना बसतो. आणि शेगडी आमच्यातल्या माणसानं पेटवायची असा नियम आहे, म्हणून ती मी पेटवतो. बाकी सगळं करणारे हात कुणाचेही असोत."

"कुणाचे बी?"

"कुणाचेही. तुमचे असले तर माझं नशीब. कल्याण सांगत होता, भाकरी तुमच्यासारखी कुणाची नाही."

कौसल्याबाई हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

"उलटंच हाय की समदं! शाळेत भांडं सरकारचं चालायचं, हात माझा चालत नव्हता. तुम्हाला हात चालतोय, भांडं चालत न्हाई." पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "भांड्याचं काय, भांडं बाजारात भेटतं. करते. पण माझ्या बी अटी हायेत."

"सांगा."

"पहिली, भांडी कंपनी घेणार न्हाई, मी घेणार. माझ्या खानावळीत भांडं माझंच राहील. दुसरी, डबा जाणार न्हाई. तुम्ही इथं येऊन, सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवायचं."

"तिसरी?"

"तिसरी आठवली की सांगते."

सिराजोद्दीनच्या भांड्यांच्या दुकानातून दोन पातेली, एक कढई, परात, तवा, ताट-वाट्या आणि नवी चाळणी आली. राजानंदने मागच्या भिंतीला एक फळी ठोकली. त्या फळीवरच्या भांड्याला बाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. एकदा मी पाणी प्यायला तिथला पेला उचलला, तर त्या कडाडल्या, "साहेब, तो कोशेरचा हाय!"

झिराडकर शनिवार सोडून रोज अकराला येत. नवीन शेगडीपाशी काडी ओढत, खुर्ची घेऊन बसत, आणि परातीतली तूरडाळ दाणा दाणा निवडत. सुरुवातीला बाई त्यांच्याकडे मास्तरांकडे बघावं तशा बघायच्या. चौथ्या दिवसापासून दोघांचं भांडण सुरू झालं. बाईंचं म्हणणं, डाळ इतकी निवडली तर तिला शिजायला वेळ उरत नाही. झिराडकरांचं म्हणणं, घाईत निवडलेली डाळ म्हणजे न निवडलेलीच. काळा मसाला त्यांच्यासाठी वेगळा कुटला गेला. पहिल्या घासाला त्यांना ठसका लागला, ते पाणी प्यायले, आणि त्यांनी पुन्हा वाटी पुढे केली.

डाळ निवडता निवडता ते एकदा म्हणाले, "माझा चुलता तिकडे इस्राएलला गेला, तेव्हा त्याला तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं होतं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला आणि तिथे जाऊन पुरावा द्यायचा!"

"मंग काय केलं त्यानं?"

"बाकीच्यांबरोबर रस्त्यावर बसला. त्यांनी मान्य करेपर्यंत उठला नाही."

"बराबर केलं," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांच्या ताटात न मागता दुसरी भाकरी पडली.

जानेवारीत कंपनीच्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन ठरलं. गावोगावचे पस्तीस-चाळीस बियाणे विक्रेते येणार होते. झिराडकर मुख्य पाहुणे, आणि ते कौसल्याबाईंच्या शेगडीशिवाय कुठलं खात नाहीत. मग सगळं जेवण बाईंनीच करावं असं ठरलं. भाकरी, वांग्याची भाजी, वरण-भात, शेंगदाण्याची चटणी. मोठी पातेलीही नवीन आली.

आदल्या दिवशी कल्याण येऊन चुळबुळत उभा राहिला.

"मावशी, एक बारीकसं सांगायचं होतं. मोठे साहेब म्हणले, स्वैपाक तुमचा, पण वाढायला आमचे वाढपी राहतील. तुम्ही कनातीच्या मागं थांबा. आणि कुणी इचारलं तर केटरर म्हणायचं, नाव सांगायचं न्हाई."

"कामून?"

"तुम्हाला म्हाईत हाय मावशी. खेड्यापाड्यातले लोक येणार. उगाच एखादा काही बोलला तर कार्यक्रम नासतो."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? मी तर तुमच्या हातचं आठ वर्षं खाऊन राह्यलो."

"मंग हे तोंड खाली घालून कामून सांगायलास?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या साहेबाला सांग, झिराडकर साहेबांना मी तिसरी अट सांगितली नव्हती. ती आज आठवली. जे मी शिजवीन, ते मीच वाढीन. पसंत नसलं तर उद्या सगळ्यांना केळी द्या."

आता माणूस बदलायला वेळ नव्हता. साहेबांनी हो म्हटलं. मनात काय होतं ते दुसऱ्या दिवशी दिसलं.

आमच्या बँकेला निमंत्रण होतं, म्हणून मीही होतो. कंपनीच्या गोदामात बियाण्यांच्या पोत्यांच्या थप्प्या एका बाजूला सारून पट्ट्या अंथरल्या होत्या. झिराडकर पंगतीच्या मधोमध बसले होते. कौसल्याबाई निळी इरकल नेसून, हातात भाकरीची दुरडी घेऊन वाढायला निघाल्या. मागे राजानंद भाजीची बादली घेऊन.

पहिली फेरी झाली. लोक जेवायला लागले होते. वाटूरकडचे एक विक्रेते, पांढऱ्या मिशांचे, पुंजाराम नावाचे, भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, "भाकर झकास झाली. कुण्या गावच्या तुम्ही?"

"आष्टीकडची."

"आडनाव?"

त्या प्रश्नाचा अर्थ पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होता. कनातीजवळ उभे असलेले मोठे साहेब लगबगीने पुढे आले. कल्याण जागच्या जागी थिजला. बाईंनी दुरडी खाली ठेवली, ताठ उभ्या राहिल्या, आणि खानावळीतल्या त्याच आवाजात म्हणाल्या, "हिवाळे. कौसल्याबाई राजानंद हिवाळे. स्टेशनच्या बोळात पाटी हाय, येऊन वाचा."

पुंजारामांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. ते उठले. त्यांच्या शेजारचे दोघे उठले. जरा थांबून पलीकडचा एक जण उठला. मोठे साहेब बाईंच्या कानाशी येऊन पुटपुटले, "बाई, तुम्ही जरा आत चला. आम्ही बघतो."

"मी न्हाई जाणार," बाई मोठ्याने म्हणाल्या. "ज्यांना जायचंय त्यांना दार उघडं हाय. ते चालले, मी कामून जाऊ? मी शिजवलंय, मी इथंच उभी राहणार."

गोदामात कुणी हलेना. मला खूप काही बोलावंसं वाटलं आणि मी एक शब्दही बोललो नाही. तेवढ्यात झिराडकरांनी ताट जरासं पुढे सरकवलं. "बाई, भाकरी," ते म्हणाले. जणू काही झालंच नाही, किंवा जे झालं त्याला ते एवढंच उत्तर देऊ इच्छित होते. बाईंनी भाकरी वाढली. मग पंगतीच्या टोकाची एक तरुण बाई, परतूरची विक्रेती वंदना, हात वर करून म्हणाली, "मावशी, इकडं बी भाजी येऊ द्या. तिकडच्या चौघांच्या वाट्याचं उरलंय ना?" कुणीतरी हसलं. पंगत पुन्हा जेवायला लागली.

ते चौघे दारात बूट घालत होते. बाईंनी तिकडे बघून सांगितलं, "पुंजारामभाऊ, भाकर झकास झाली म्हणले होते, ते आता परत घेता यायचं न्हाई." ते बाहेर पडले.

त्या कंपनीने नंतर कौसल्याबाईंना कधी काम दिलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, बाईंनी विचारलंही नाही. कल्याण आठवडाभर खानावळीकडे फिरकला नाही. एक दिवस आला आणि कोपऱ्यात बसला. बाईंनी त्याला वाढलं. तो म्हणाला, "मावशी, मी तेव्हा बोलायला पायजे होतं."

"पायजे होतं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वक्ताला बोल. मीठ लागंल का?"

मला वाटलं, हे मलाही होतं.

महिन्याअखेरीस झिराडकर ठाण्याला परतले. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, नातीचं लग्न ठरलंय, आदल्या दिवशी घरी मालिदा आहे, तुम्ही यायचंच. मालिदा म्हणजे त्यांच्याकडचा गोड पोह्यांचा नैवेद्य, नारळ, गूळ आणि फळं घालून केलेला. खानावळ सुरू झाल्यापासून बाईंनी कधी ती बंद ठेवली नव्हती. या वेळी तीन दिवस कुलूप लावलं आणि अर्पिताला घेऊन ठाण्याला गेल्या. पुढचं सगळं त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

मांडवात पोचल्यावर त्या सवयीने सरळ स्वयंपाकाकडे गेल्या. तिथे आचारीणबाई उभ्या होत्या, त्यांच्याच वयाच्या. त्यांनी हात आडवा केला. "बाहेरच्यांना आत सोडत नाही हो. कोशेर आहे."

"मला म्हाईत हाय कोशेर," कौसल्याबाई म्हणाल्या. "दोन महिने मी केलंय. एका बी भांड्याला शिवणार न्हाई. पण बघितल्याबिगर जाणार न्हाई."

"तुम्ही कोण?"

"जालन्याची कोशेर खानावळवाली."

आचारीणबाई आधी चकित झाल्या, मग म्हणाल्या, "अगंबाई, ती भाकरीवाली? एलायजाकाकांनी सगळ्या ठाण्याला सांगून ठेवलंय तुमच्याबद्दल." त्यांनी हात बाजूला घेतला. कौसल्याबाई आत गेल्या, हात पाठीमागे बांधून. नारळाच्या दुधातलं मटण शिजत होतं. सगळ्या पातेल्यांवरून नजर फिरवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढं नारळाचं दूध कशाला?"

"मटणात गाईम्हशीचं दूध-दही चालत नाही ना आम्हाला. म्हणून नारळ."

"आसं होय," बाई म्हणाल्या. "आणि तिखट कुठं हाय?"

त्या पंगतीत त्या पहिल्या रांगेत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना वाढत होतं आणि त्यांना उठायचं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, कुठून आलात, कोणाकडच्या? त्यांनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, नवरा काय करतो ते सांगितलं. म्हातारीने मान डोलावली आणि आपल्या वाटीतला मालिदा त्यांच्या ताटात घातला, कारण ज्येष्ठांच्या ताटातला घेतला की चांगलं असतं असं तिचं म्हणणं.

"मटण मी तीनदा मागून घेतलं," कौसल्याबाईंनी मला सांगितलं. त्या परातीत पीठ मळत होत्या. "तिखट कमीच होतं. तसं त्यांना तोंडावर सांगितलं बी. पुढच्या वक्ताला लग्न असलं तर म्हणलं, मसाला मी घेऊन येते. डबा नवा घेईन."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणल्या, या. पण डबा आमच्यासमोर उघडायचा." त्यांनी पिठाचा गोळा हातावर घेतला, थापायला सुरुवात केली. "मी म्हणलं, उघडते. त्यात काय?"